नर्सबाई खेड्यात का टिकत नाही?



या व्यासपीठावरून आजवर विद्वानांनी इतिहास सांगितला, तत्त्वज्ञान सांगितले, अवकाशातील प्रवासही सांगितला. नववीत शाळा सोडून सूतगिरणीत लागलेल्या माणसाने येथे काय बोलावे, असा प्रश्न मी चालकांना केला. ते म्हणाले, तुम्हाला ठाऊक असेल ते बोला. मला ठाऊक आहे ती एकच गोष्ट. माणूस एखादे काम का धरतो आणि का सोडतो, हे मी गेली तीस वर्षे पाहत आलो आहे. आधी गिरणीत, मग रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांच्या संघटनेत. बाकीचे जे थोडेफार आहे ते नगर वाचनालयाच्या कृपेचे. तेव्हा परिचारिकांविषयी मी बोलणार आहे तो डॉक्टरांच्या बाजूने नव्हे की सरकारच्या बाजूने नव्हे. त्या नोकरीच्या बाजूने बोलणार आहे.

खेड्यात नर्स मिळत नाही, मिळालीच तर टिकत नाही, ही तक्रार आपण आपल्या जिल्ह्याची समजतो. ती साऱ्या गरीब देशांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या प्रश्नावर शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि २०२१ साली त्या सुधारून पुन्हा काढल्या. पहिल्या वेळी तिने हिशेब दिला होता तो असा: जगातील सुमारे निम्मी माणसे खेड्यांत राहतात, पण जगातल्या नर्सेसपैकी ३८ टक्केच त्यांच्या वाट्याला येतात, आणि डॉक्टर तर चौथा हिस्साही नाहीत. या दोन आकड्यांतच नर्सबाईचे महत्त्व आले. जेथे डॉक्टर पोचत नाही तेथे दवाखाना म्हणजे नर्स. ती गेली की मागे एक इमारत उरते आणि तिच्यावर पाटी.

आता कोणी म्हणेल, मग जास्त नर्सेस तयार करा. वरवर पाहता हे बरोबर वाटते. २०२३ साली जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्सेस होत्या आणि तरी ५८ लाखांची उणीव होती, असे याच संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो. परंतु फिलिपाइन्स पाहा. जगभर नर्सेस पुरविणारा देश म्हणून त्याची ख्याती. तेथे एकाच वेळी शहरांत बेकार नर्सेस होत्या आणि खेड्यांत नर्स नव्हती. त्यावर सरकारने २००९ साली एक योजना काढली. बेकार नर्सेसना सहा महिन्यांसाठी गरीब गावांत पाठवायचे आणि महिना ८,००० पेसो द्यायचे. मुली गेल्या. सहा महिने संपले, मुदत संपली, दुसरी तुकडी आली. दोनच वर्षांनी तशीच दुसरी योजना दुसऱ्या नावाने निघाली. बेकारीवर हा थोडा उतारा होता हे मी मान्य करतो. पण कोणत्या घरात कोणाला क्षय आहे, कोणती सून तिसऱ्यांदा गरोदर आहे आणि तिला कोण दवाखान्यात जाऊ देत नाही, हे सहा महिन्यांत कळत नाही. ते कळते तोवर बाईची पेटी बांधून झालेली असते.

आपल्याकडेही नोंदवह्यांत नर्सेस कमी नाहीत. २०२२ साली देशात ३३ लाखांहून अधिक परिचारिकांची नोंद होती. त्यांतल्या किती परदेशी गेल्या, किती घरी बसल्या, हे नोंदवही सांगत नाही. म्हणजे प्रश्न मुली मिळण्याचा जितका आहे त्याहून जास्त त्या राहण्याचा आहे.

न राहण्याचे कारण विचारले की आपल्यातील सुशिक्षित माणूस चटकन उत्तर देतो, "पूर्वीची सेवावृत्ती राहिली नाही." या शब्दाशी मला थोडे भांडावयाचे आहे. शब्द वाईट नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि तेथल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविले, तेव्हा परक्या माणसाच्या शरीराला हात लावणे हे कुलीन घरच्या बाईला कमीपणाचे मानले जात होते. त्या काळी सेवा हा शब्द ढालीसारखा उपयोगी पडला. विधवा आणि परित्यक्ता त्या ढालीआडून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. पुढे मात्र तीच ढाल मालकांनी उचलली. पगार विचारला की सेवा, रजा मागितली की सेवा, राहायला घर मागितले तरी सेवा. गिरणीत कोणी आम्हाला असे म्हणाले नाही की, सूत कातणे ही सेवा आहे, तेव्हा बोनस कसला मागता? नर्सबाईला मात्र हे रोज ऐकावे लागते, कारण ती बाई आहे. जगातल्या शंभर नर्सेसमध्ये पंच्याऐंशीच्या आसपास बायका आहेत. हा प्रश्न कित्येक दशके समित्यांत फिरतो आहे त्याचे एक मोठे कारण हेच, असे माझे मत आहे.

समित्यांची टंचाई आपल्या देशात कधीच पडली नाही. १९४६ च्या भोर समितीने हिशेब केला होता की, विलायतेत ३०० माणसांमागे एक परिचारिका आहे आणि ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० माणसांमागे एक. १९५४ साली परिचारिकांच्या नोकरीच्या शर्ती पाहण्यासाठी शेट्टी समिती आली. १९८७ साली आणखी एक उच्चाधिकार समिती नेमली गेली. वेतन, निवास, बढती याच गोष्टी दर वेळी कागदावर आल्या. चांगल्या शिफारशी आहेत. वाचनालयात मिळाल्या तर वाचाव्यात.

त्यापेक्षा एखादे उपकेंद्र पाहणे बरे. नियम असा की, सपाट मुलखात ५,००० वस्तीला आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० वस्तीला एक उपकेंद्र. तेथे एएनएम म्हणजे आपली नर्सबाई. देशात अशी दीड लाखाहून जास्त उपकेंद्रे आहेत आणि त्यांच्या पाट्या अलीकडे बदलल्या आहेत. मी एका डोंगरी तालुक्यातील उपकेंद्रावर एक अख्खा दिवस बसलो होतो. तालुक्याचे नाव सांगत नाही. सांगितले तर उद्याच्या टपालाने त्या बाईंना खुलासा मागणारे पत्र जाईल.

दोन खोल्या पुढे, निवासाची एक खोली मागे. मागच्या खोलीचे छत गळके, म्हणून तीत मोडक्या खाटा आणि जुनी रजिस्टरे रचलेली. पाणी हातपंपाचे, तोही रस्त्यापलीकडे. बाई तालुक्याच्या गावाहून रोज बावीस किलोमीटर दुचाकीवर येतात, कारण मुलगा सातवीत आहे आणि सातवीनंतरची शाळा तेथेच आहे. नवऱ्याचे दुकानही तेथेच. त्या दिवशी लसीकरणाचा वार होता. लसींचा डबा बर्फासह प्राथमिक आरोग्य केंद्रावरून आणावयाचा, चार गावे आणि सहा वाड्या फिरावयाच्या, उरलेल्या लसी संध्याकाळी परत पोचवावयाच्या. आशाताई बरोबर होत्या म्हणून पोरे जमली. प्रत्येक पोराची नोंद एकदा रजिस्टरात आणि तीच पुन्हा मोबाइलवर. मोबाइलला रेंज नाही. ती देवळामागच्या टेकाडावर मिळते, म्हणून पाच वाजता बाई टेकाडावर बसून आकडे भरीत होत्या. मी हे मुद्दाम सविस्तर सांगतो आहे. नर्सच्या कामात रोगी पाहणे हा केवढा भाग आणि रोग्याची नोंद करणे हा केवढा, हे आपण शहरात बसून ओळखणार नाही.

मी विचारले, "ताई, खोली दुरुस्त करून दिली तर इथं राहाल?"

त्या म्हणाल्या, "भाऊ, राहीन की. पण रात्री दार वाजलं तर बाहेर पेशंट आहे का दारू प्यालेला माणूस आहे, हे दार उघडल्याशिवाय कसं कळायचं? दुसरी एखादी बाई सोबतीला असती तर गोष्ट निराळी."

मुख्यालयी राहावे अशी नोकरीत अट आहे. ती मोडली तर घरभाड्याचा भत्ता धोक्यात. म्हणजे राहण्याजोगे घर द्यावयाचे नाही, आणि तू घरी का राहत नाहीस म्हणून पैसे कापावयाचे! गिरणीमालकसुद्धा आम्हाला माग न देता कापड मागत नसे. मग बाई काय करतात? राहतात तालुक्याला आणि कागदावर राहतात गावात. सरकारला ठाऊक आहे, गावाला ठाऊक आहे. फक्त एवढेच होते की, त्या खोटेपणाची दोरी बाईच्या गळ्यात राहते आणि ज्याला ती ओढावीशी वाटेल तो ओढतो.

आता पैशाचे पाहू. पैशाने काही होत नाही असे म्हणणारे बहुधा पोटभर पगाराचे असतात. आफ्रिकेत मलावी नावाचा लहान, अतिशय गरीब देश आहे. तेथून नर्सेस विलायतेस जाऊ लागल्या, एड्सने कहर केला, रुग्णालये ओस पडू लागली. २००४ साली त्यांनी सहा वर्षांची आणीबाणीची योजना आखली. ब्रिटन आणि इतरांच्या मदतीने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारावर ५२ टक्के जादा दिले आणि शिक्षणसंस्थांच्या जागा वाढविल्या. योजनेतील अकरा प्रकारच्या कर्मचाऱ्यांची संख्या २००४ साली ५,४५३ होती, ती २००९ साली ८,३६९ झाली. पैशाने होते ते हे. परंतु नर्सेसच्या बाबतीत ठरविलेले लक्ष्य काही गाठले नाही. आणि ही वाढ शहरातल्यालाही तीच, रानातल्यालाही तीच, त्यामुळे शहर आणि खेडे यांचा तराजू होता तसाच राहिला. त्याच देशात सरकारी नर्सेसना काही अभ्यासकांनी कागदावर निरनिराळ्या नोकऱ्या मांडून दाखविल्या आणि यांतली कोणती घ्याल असे विचारले. २००८ साली त्याचे उत्तर छापून आले. जादा पगार हवा होताच. त्याच्याच जोडीला सरकारी घर आणि पुढच्या शिक्षणाची संधी यांना मोठे वजन होते.

असाच प्रश्न केनिया, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड या तीन देशांतील नर्सेसना विचारला गेला. तो अभ्यास २०१० चा. केनिया आणि दक्षिण आफ्रिकेत शिक्षणाची संधी व खेड्याचा भत्ता यांचा प्रभाव जास्त दिसला, थायलंडमध्ये आरोग्य विम्याचा. पाहा, माणसे तीच, काम तेच, पण मागणी देशागणिक निराळी. वाटाघाटीला बसणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. मागणीपत्र लिहिण्यापूर्वी खात्यात जाऊन विचारावे लागते. सरकारे बहुधा न विचारताच देतात आणि दिल्यावर कृतघ्न म्हणतात.

दक्षिण आफ्रिकेतला एक अनुभव तर आपल्या घरातला वाटावा असा आहे. तेथे २००४ च्या सुमारास ग्रामीण भत्ता सुरू झाला. तो डॉक्टरांना मिळाला आणि वरच्या दर्जाच्या नर्सेसना मिळाला. त्याच रुग्णालयात, त्याच रात्रपाळीला असलेल्या खालच्या दर्जाच्या नर्सेसना मिळाला नाही. खेडे जणू वरच्यांनाच लांब पडत होते! त्यातून जी धुसफूस झाली ती भत्त्याच्या उपयोगावर पाणी टाकणारी होती. आपल्याकडे आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एक पायरी वरची वेतनश्रेणी देण्याचा शासन निर्णय २००२ साली निघाला. चांगला निर्णय. पण २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि उपकेंद्रावर कायम बाईच्या जोडीला कंत्राटी नर्सबाई येऊ लागली. हिला ठरावीक मानधन, अकरा महिन्यांचा कागद, पुढे पुन्हा कागद. आता दोघी एकाच ओढ्यातून चालतात. एकीला वेतनश्रेणी, दुसरीला मानधन. २०२३ साली आपल्या राज्यात कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा वर्तमानपत्रांनी रुग्णांचे हाल छापले, ते खरे होते. त्या कर्मचाऱ्यांची वर्षानुवर्षांची अनिश्चितता तितक्या ठळक टाइपात छापलेली माझ्या पाहण्यात नाही.

छत्तीसगडने २००९ पासून एक निराळी वाट धरली. तेथे दुर्गमपणा केंद्रागणिक ठरविला: कोणते केंद्र साधे, कोणते कठीण, कोणते अगदी पोचण्यापलीकडचे. त्याप्रमाणे डॉक्टर, नर्स, एएनएम यांना जादा रक्कम. यातला पैशाचा भाग मला जितका आवडतो त्याहून वर्गवारीचा आवडतो. जिल्ह्याचे नाव मागास म्हणून साऱ्या जिल्ह्याला सारखे द्यावयाचे, तर सगळ्याजणी त्या जिल्ह्याच्या गावी जागा धरतात आणि नदीपलीकडचे उपकेंद्र रिकामेच राहते.

आणखी एक उपाय आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत भरवशाचा. नर्स शहरातून आणण्यापेक्षा खेड्यातली मुलगी नर्स करावी. खेड्यात वाढलेली खेड्यात राहण्याचा संभव जास्त, हे अनेक देशांत दिसून आले आहे. थायलंडने आरोग्य मंत्रालयाची नर्सिंग महाविद्यालये प्रांतोप्रांती ठेवली, जिल्ह्याजिल्ह्यांतून मुली घेतल्या, शिकवून आपापल्या भागात परत पाठविल्या. आमच्याकडे मुली खेड्यांतूनच येतात, पण येतात खाजगी विद्यालयांत, फीसाठी बापाने जमीन गहाण ठेवून. मग ते कर्ज फेडावयाचे तर आखात गाठावे लागते, निदान मुंबई तरी. कर्जाने शिकलेल्या मुलीला गावात राहा म्हणून सांगणे हा उपदेश झाला. तिचे शिक्षण जिल्हा रुग्णालयात, विद्यावेतनावर, वसतिगृहासह झाले असते तर उपदेशाची गरजच नव्हती.

बाँड लिहून घ्यावा असेही काहीजण सुचवितात. बाँडने मुलगी येते. बाँड संपण्याचा दिवस ती भिंतीवरच्या कॅलेंडरात मोजते आणि त्याच दिवशी जाते. त्यापेक्षा मला उलट बाजू महत्त्वाची वाटते. एखादी बाई तीन वर्षे दुर्गम ठिकाणी राहायला तयार होते, जर तीन वर्षांनी मुलाच्या दहावीच्या वेळी तालुक्याला बदली मिळेल हे तिला लेखी ठाऊक असेल आणि तो शब्द पाळला जाईल तर. आज काय होते? ज्याची ओळख असते त्याची बदली होते, आणि आत गेलेली बाई आतच विसरली जाते. म्हणून शहाणी बाई आत जातच नाही. वैद्यकीय दाखला आणते, पुढाऱ्याची चिठ्ठी आणते, नाहीतर नोकरी सोडते. तिला आपण पळपुटी म्हणतो. मला तर तिचा हिशेब अगदी बरोबर वाटतो. बढतीचेही तेच. एएनएमला पुढे आरोग्य सहाय्यिकेची एक पायरी आहे आणि कितीतरीजणी त्या पायरीची वाट पाहत निवृत्त होतात. दुर्गम भागातील वर्षे बढतीत जास्त धरा, पुढच्या अभ्यासक्रमात त्या बायांना राखीव जागा द्या. याला छपराइतकाही खर्च येत नाही.

आता थोडे आपल्या या शहराविषयी, कारण श्रोते शहरातले आहेत. आपण म्हणाल, खेड्यातल्या नर्सशी आमचा काय संबंध? आपल्या गल्लीतील खाजगी इस्पितळात रात्री जी मुलगी सलाईन लावते ती कोठून आली हे विचारून पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्र सरकारने २०१६ साली समिती नेमली. तिने म्हटले की, दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात नर्सला सरकारी नर्सइतका पगार असावा, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांचे लहानसे रुग्णालय असले तरी २०,००० रुपयांहून कमी नसावा. केरळात नर्सेसनी संघटना बांधली, २०१२ आणि २०१७ साली मोठे लढे दिले, तेव्हा २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना निघाली. समितीच्या कागदाने नव्हे, संपाने. आपल्या शहरात पन्नास खाटांच्या आतली रुग्णालये किती आहेत ते आपण जाणता. तेथे काम करणाऱ्या मुली आमच्या कचेरीत येतात त्या अंधार पडल्यावर, आणि पावतीवर नाव लिहू नका म्हणतात.

याचा खेड्याशी संबंध असा की, शहरात नर्सची नोकरी जितकी स्वस्त, तितकी खेड्यातल्या शहाण्या आईला मुलगी नर्सिंगला पाठवावी असे कमी वाटते. नर्स ही जात शहरात हलकी धरली तर खेड्यात ती जड कशी होणार? आणि एक गोष्ट व्यवहाराची. आपल्यापैकी कित्येकांचे गाव अजून गावाकडे आहे. जत्रेला आपण जाता, ग्रामपंचायतीत चुलते-पुतणे बसलेले आहेत. देवळाच्या सभामंडपाला वर्गणी मागायला आले की आपण देतो, द्यावीही. त्याच वेळी उपकेंद्रामागची खोली राहण्याजोगी आहे का, तिला आतून कडी आहे का, दारावर दिवा आहे का, शेजारी दुसऱ्या बाईची सोय होईल का, एवढे चार प्रश्न पंचायतीला विचारले तर कोणी रागावणार नाही. उत्तर मिळेलच असे मी म्हणत नाही. जिल्हा परिषदेकडे अर्ज पाठविला आहे, असे सांगतील. त्या अर्जाचा आवक क्रमांक मागावा.

अध्यक्षमहाराजांची घंटा झालेली दिसते. आकड्यांविषयी किंवा इतर काही विचारावयाचे असेल त्यांच्यासाठी मी खाली मंडपात थांबतो. रुग्णालयातील ज्या भगिनी मागच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनी नावे न सांगता विचारले तरी चालेल.